वेलबुट्टी सोडलेला माणूस

आमच्या घरमालकांनी, म्हणजे काकांनी, आयुष्यात दोन गोष्टी सोडल्या. एक तंबाखू आणि दुसरी वेलबुट्टी. तंबाखू अधूनमधून परत सुरू व्हायची, मग काकू डबी शोधून काढून कुंडीत पुरायच्या, की ती परत सुटायची. वेलबुट्टी मात्र सुटली ती सुटलीच.

हे कळायचं तर काकांची नोकरी माहीत हवी. काका एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. चित्रकलेच्या मास्तराला चित्रकला शिकवायला फारसा वेळ मिळत नाही, हे मला त्यांच्याकडूनच समजलं. शाळेत पाहुणे येवोत नाहीतर लसीची गाडी येवो, फळ्यावर 'सुस्वागतम्' काकांनी लिहायचं, अक्षरांना झेंडूच्या रंगाची सावली काकांनी द्यायची आणि चारी कोपऱ्यांतून वेली काकांनीच सोडायच्या. स्पर्धांची प्रशस्तिपत्रकं काका, गॅदरिंगचा पडदा काका, मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नातलं थर्माकोलही काकाच. असं करता करता निवृत्तीचा दिवस आला. शाळेनं त्यांना मानपत्र द्यायचं ठरवलं आणि आदल्या दिवशी शिपाई कोरा कागद घेऊन काकांच्याच दारात उभा राहिला.

"सर, नक्षी तेवढी काढून द्या. तुमच्यासारखी वेल दुसऱ्या कुणाला जमती?"

काकांनी स्वतःच्या मानपत्राला स्वतः वेल काढली. दुसऱ्या दिवशी टाळ्यांच्या गजरात ते मानपत्र स्वतःच स्वीकारलं. घरी आले, रंगांचा डबा माळ्यावर टाकला आणि काकूंना म्हणाले, "आजपासून मी फक्त मजकूर लिहिणार. सजावट ज्याची त्यानं बघावी."

गारखेड्यातल्या त्यांच्या घरात खालच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायला आलो तेव्हा ही प्रतिज्ञा चांगली मुरलेली होती. आम्ही म्हणजे मी, माझी बायको आणि पोरं. माझं शहागंजात पंप-मोटारींचं दुकान आहे. आपल्या गावात पंप भरपूर, पाणी यायचंच तेवढं बाकी असतं, त्यामुळे मला गप्पांना सवड मिळते. आणि सजावटीच्या बाबतीत सांगायचं तर मी काकांच्या बरोब्बर उलट टोकाचा माणूस. माझ्या दुकानाच्या पावतीवर चारी बाजूंनी कमळं आहेत. पंपाशी कमळाचा संबंध काय, असं एकदा बायकोनं विचारलं होतं. दोन्ही पाण्यात असतात, असं मी तिला सांगितलं. सकाळी उठल्याबरोबर ओळखीच्या यच्चयावत माणसांना मी फोनवरून दव पडलेला एक गुलाब पाठवतो, खाली सुविचार. राहायला आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी काकांनाही पाठवला. लगेच उत्तर आलं :

"गुलाब मिळाला. मजकूर काय आहे?"

त्याच दिवशी त्यांनीही मला काहीतरी पाठवलं. नुसता एक दुवा होता, निळी ओळ. त्यावर बोट ठेवलं तर एक पान उघडलं. 'घर वापरण्याविषयी.' मोटार कधी लावायची, टाकी भरल्यावर कुणाला हाक मारायची, जिन्यातला दिवा कुणी घालवायचा. एक फूल नाही, एक चौकट नाही, पण इतकं नेटकं पान की बोट ठेवायला जागा नाही. मी वर जाऊन विचारलं, "काका, कुठल्या छापखान्यातून करून घेतलं?"

बैठकीत बुद्धमूर्तीच्या कोनाड्याखाली त्यांचा जुना संगणक होता. त्याच्यासमोर त्यांनी मला बसवलं. पडद्याचे दोन भाग होते. उजवीकडे ते सुंदर पान. डावीकडे तोच मजकूर, पण त्यात जागोजागी काहीतरी सांडल्यासारखं.

"ही जाळी," काका # या चिन्हावर बोट ठेवून म्हणाले. आमची पोरं फुलीगोळा खेळायला जशी चौकट आखतात, तसं ते चिन्ह. "ओळीआधी एक जाळी लावली की मोठा मथळा. दोन लावल्या की त्याच्याहून धाकटा. शब्दाच्या अलीकडं दोन तारे, पलीकडं दोन तारे, की शब्द ठळक. ओळीआधी आडवी रेघ, की यादी. झालं. ह्याच्यापुढं आपण काय करायचं नाय."

"मग हे इतकं नीटनेटकं कोण करतं?"

"इस्त्रीवाला."

इस्त्रीवाला म्हणजे इंटरनेटवरची एक फुकट वेबसाइट. तिच्यात हा चुरगळलेला मजकूर टाकायचा, की कडक घडीचं पान बाहेर. एक बटण दाबलं की छापायला पीडीएफ, दुसरं दाबलं की कुणालाही धाडता येईल असा दुवा. "आपण कापड स्वच्छ धुवून द्यायचं," काका म्हणायचे. "इस्त्री फिरवणं आपलं काम नाय. मास्तरांनी मास्तरकी करावी."

मला अर्थातच ते पटलं नाही. पटायला सासऱ्यांची एकसष्टी यावी लागली.

पत्रिका मी घरच्या संगणकावर जातीनं तयार केली होती. गुलाबी चौकट, कोपऱ्यात सनई, अक्षरं अशी वळणदार की वाचणाऱ्याची मान वाकडी व्हावी. फाइल घेऊन चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार मूळचा शहागंजातला, बोलणं सगळं दखनी. त्यानं फाइल उघडली, बराच वेळ पाहिली आणि अदबीनं विचारलं, "भाई, ये ससुरजी का नाम है, या बाथरूम की टाइल?"

माझी ती वळणदार अक्षरं त्याच्या संगणकात नव्हतीच. सासऱ्यांच्या नावाच्या जागी नुसते चौकोन, पत्त्याच्या जागी चौकोन, 'सहकुटुंब सहपरिवार'च्या जागी तर चौकोनांची मिरवणूक. सनई मात्र शाबूत होती. काका शेजारी दुधाची पिशवी घेऊन उभे होते. म्हणाले, "दागिने राहिले, नवरी गेली."

मग त्यांनी मला वर नेऊन सगळा मजकूर साधा टाइप करायला लावला. "साधा मजकूर कुठंबी उघडतो. झेरॉक्सवाल्याकडं उघडतो, पुण्यात उघडतो, तुमच्या नातवाच्या काळातबी उघडंल." इस्त्रीवाल्याकडून पान काढलं, छापलं. एकसष्टीच्या दिवशी सासऱ्यांनी पत्रिका पूर्ण वाचली आणि बायको सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्यांच्या हातची वाचता आलेली ही पहिली पत्रिका."

काकांचं हे जाळी-तारे प्रकरण संगणकापुरतं राहिलेलं नव्हतं. बोलताना एखादा शब्द महत्त्वाचा असला की ते दोन्ही हातांची दोन-दोन बोटं वर करून तो शब्द मध्ये धरायचे. "मोटार **बंद** करा" हे वाक्य त्यांनी म्हटलं की 'बंद' हवेत तरंगायचा. आमच्या घरात हा संसर्ग पहिल्यांदा बायकोला झाला. "दोन तारे लावून सांगते, येताना सिलिंडरचं बघून या." एकदा आमचं दोघांचं स्वयंपाकघरात कडाक्याचं वाजलं. आवाज जिन्यात गेला असणार, कारण जिन्यातून शांत आवाज आला, "समदंच ठळक केलं की ठळक काहीच राहत नाय!" भांडण तिथंच संपलं. मुद्दा कोणता ठळक करायचा, हेच आम्हाला आठवेना.

आणि त्यांचा एक नियम होता : पानावर एकच जाळीचा मथळा. "मोठं नाव एकच असतंय. दोन झाली की वाचणारा गोंधळतो." त्यांच्या घरातलं मोठं नाव काकू.

काकू मूळच्या कन्नड गावच्या. शिकून एका सरकारी कचेरीत लागल्या आणि सगळी नोकरी आस्थापना शाखेत काढली. कुणाची नेमणूक, कुणाची बदली, कुठल्या हंगामी कामगाराला कायम करायचं, हे सगळे कागद काकूंच्या टेबलावरून जायचे. तिथले साहेबही 'बाई' म्हणताना आवाज खाली आणायचे, असं काका अभिमानानं सांगायचे. "तोंडी काय खरं नाय, लेखी द्या," हे त्यांचं आवडतं वाक्य. बायको पहिल्यांदा विरजण मागायला वर गेली तेव्हा काकूंनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं, "अर्ज आणला का?" ती बिचारी बावरली. मग काकू मोठ्यानं हसल्या आणि विरजणासोबत वाटीभर शेंगदाण्याची चटणी दिली. वैशाखी पौर्णिमेला पांढरीशुभ्र साडी नेसून त्या अख्ख्या गल्लीला खीर वाटायच्या आणि कुणी आलं नाही तर त्याची 'गैरहजेरी' लावायच्या.

त्यामुळे त्यांचं विसरणं सुरू झालं तेव्हा आम्हाला आधी ती थट्टाच वाटली. जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "तुम्ही नवीन दिसता. कुठून बदली झाली?"

मी हसून म्हणालो, "शहागंजातून."

"हजर झाल्याचा रिपोर्ट दिला का?"

"देतो की बाई."

काही दिवसांनी तिथंच, तसंच थांबवून त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा मला हसू आलं नाही. त्यांच्यामागं पायरीवर काका उभे होते. त्यांनी मला मानेनं खूण केली, की सांगा. मी सांगितलं, "शहागंजातून."

मग त्यांचा तोंडी बोलण्यावरचा विश्वास पार उडाला. लेक पुण्याला असते, ती रविवारी येणार, असं काका त्यांना सांगून सांगून थकले.

"लेखी आहे का?" काकू विचारायच्या.

काकांनी कागद घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहून दिलं. चित्रकलेच्या मास्तराचं अक्षर ते, मोत्यासारखं. काकूंनी कागद दूर धरला, जवळ धरला आणि परत केला.

"हस्तलिखित चालत नाय. टंकलिखित आणा."

हे सांगताना काका हसले होते. पण हसून झाल्यावर स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसले. ज्या अक्षरासाठी सगळ्या शाळेनं आयुष्यभर त्यांना पिळून घेतलं, ते अक्षर घरात नामंजूर झालं होतं.

तर अशी ती परिपत्रकं सुरू झाली. काका पहाटे उठून संगणकावर मजकूर लिहायचे, इस्त्रीवाल्याकडून पान करून घ्यायचे आणि दुवा झेरॉक्सवाल्याला धाडायचे. मग दूध आणायला निघायचे आणि येताना दुधाच्या पिशवीसोबत छापील कागद घेऊन यायचे. "चचा, आज का फरमान तैयार है," असं म्हणून झेरॉक्सवाला तो कागद पुठ्ठ्यात घालून द्यायचा, घडी पडू नये म्हणून. कागद काहीसा असा असायचा :

आजचा दिवस
आज मंगळवार आहे.
आपण गारखेड्यातल्या आपल्या घरी आहात.
आपण सेवानिवृत्त आहात. कचेरीत जायचे नाही.
आज नळाला पाणी येण्याची शक्यता आहे.
भाजी भेंडीची आहे.

काकू चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचायच्या, खाली कोपऱ्यात 'वाचले' लिहून छोटी सही ठोकायच्या आणि कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावायच्या. मग दिवसभर काही अडलं की फ्रिजपाशी जाऊन बघून यायच्या. घर शांत असायचं. तोच दुवा पुण्याला लेकीलाही जायचा, 'प्रत माहितीसाठी' म्हणून. ती सांगायची, कार्यालयात पोचल्यावर पहिल्यांदा मी आईची भाजी बघते.

एके सकाळी काका जिन्यात भेटले ते दूध न आणताच परतले होते. म्हणाले, "आज हिनं मला विचारलं, आपण कोण, कुणाकडं काम आहे."

मी विचारलं, "मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? तोंडी चालत नाय ना." ते परत वर गेले. त्या दिवसापासून परिपत्रकात शेवटी एक ओळ वाढली, अलीकडं पलीकडं दोन-दोन तारे लावून : सोबत राहणारे गृहस्थ आपले यजमान आहेत. स्वतःविषयीच्या मजकुराला त्यांनी तारे लावलेले मी पहिल्यांदाच पाहिले. ते आता काकूंना 'बाई' म्हणू लागले होते, कचेरीतल्यांसारखं. नावानं हाक मारली की त्या दचकायच्या.

त्या ओळीनं बरेच दिवस काम केलं. मग एकदा काका आंघोळीला गेलेले असताना काकू पिशवी घेऊन कन्नडच्या गाडीला जायला निघाल्या, आईकडे. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. चौकात झेरॉक्सवाल्यानं ओळखलं, "खाला, फरमान तो लेती जाओ," म्हणून दुकानात बसवून ठेवलं आणि काकांना फोन केला.

लेकीला हे कळलं तेव्हा ती फोनवर रडली आणि मग ठामपणे बोलली. काकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मीही ऐकलं. "बाबा, तुम्हाला एकट्याला हे झेपणार नाय आता. अजून एकदा आई निघाली तर मी तिला इकडं घेऊन येणार. तुम्हीबी या."

काकांनी फोन ठेवला. म्हणाले, "मागं पुण्याला नेलं होतं तिला. रात्रभर एकेक दार उघडून बघत होती, घर कुठं गेलं म्हणून. इथं तिला माणसं आठवत नाहीत, पण माठ कुठं आहे ते हाताला ठाऊक आहे. दिव्याचं बटण बोटाला ठाऊक आहे. ते काढून घेतलं तर तिच्याजवळ राहील काय?"

दुसऱ्या सकाळी मी त्यांना फूल धाडलं नाही. मी गुलाब पाठवणारा माणूस.

पुढच्या रविवारी लेक येणार होती. प्रत्यक्ष बघायला, आणि काकांच्या मते, न्यायला. त्या रविवारी सकाळी काका खाली आले ते चप्पल न घालता.

"इस्त्रीवाला गेला."

मला आधी खरोखरचा इस्त्रीवाला वाटला, कारण त्याच्याकडे माझे शर्ट होते. वर जाऊन पाहिलं तर वेबसाइटच्या जागी इंग्रजीत दोन ओळी : ही सेवा बंद करण्यात आली आहे, आजवर वापरल्याबद्दल आभार. मी म्हणालो, "दुसरे इस्त्रीवाले असतील की, शोधू." आणि शोधायला बसलोही. पण तेवढ्यात गेटची कडी वाजली.

काकू गेटपाशी उभ्या होत्या. हातात पिशवी, पायात चपला. काका खाली धावले, मी त्यांच्यामागं.

"कागद कुठं आहे?" काकूंनी विचारलं.

"येतोय, बाई."

"वेळ झाली. कागद नाय म्हणजे सुट्टी. मी कन्नडला जाते."

"बाई, जरा थांबा."

"तोंडी सांगू नका. आदेश दाखवा." आणि त्यांनी कडीवर हात ठेवला. काका गेट आणि त्या यांच्यामध्ये उभे राहिले. धरणार तरी कसं? धरलं की त्या घाबरायच्या, परका माणूस अंगाला हात लावतो म्हणून. काकांनी तिथूनच फोनवर काहीतरी दाबलं आणि मला म्हणाले, "झेरॉक्सवाल्याकडं धाडलंय. जसं असंल तसं घेऊन या. पळा."

मी पळालो. माझ्या पळण्याविषयी एवढंच सांगतो, की चौकातली दोन कुत्री आधी माझ्यावर भुंकली, मग कीव येऊन थांबली. झेरॉक्सवाल्यानं कागद काढून ठेवलाच होता. पण चेहरा पडलेला. "भाई, आज इस्तरी नहीं हुई?"

नव्हती झाली. कागदावर सगळं कच्चंच होतं. मथळ्याआधी जाळी, ओळींआधी रेघा, शेवटच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना तारे. चुरगळलेला सदरा अंगात घालून कुणी लग्नाला जावं तसा तो कागद. काकू हा घेणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण दुसरा नव्हता.

मी परत आलो तर गेटसमोर रिक्षा थांबलेली. लेक उतरत होती. तिनं आईच्या हातातली पिशवी पाहिली, आईच्या पायातल्या चपला पाहिल्या आणि बाबांकडे पाहिलं. मी कागद काकूंच्या हातात दिला.

काकूंनी चष्मा लावला. कागद दूर धरला. जवळ धरला.

"हे काय आहे? ह्या जाळ्या कशाच्या?"

काकांनी स्वतःच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"तारे कुणी मारले?"

लेकीनं पुढं होऊन म्हणायला तोंड उघडलं, "आई, अगं..." आणि काकूंनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांच्या कपाळावर एक आठी चढली होती. ती आठी मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. विरजणाचा अर्ज मागणारी आठी.

"हा कच्चा मसुदा आहे," काकू म्हणाल्या.

काकांनी मान वर केली.

"मसुदा आजवर माझ्याकडं का नाय आला? डायरेक्ट आदेशच काढत होता व्हय तुम्ही? कुणाच्या मंजुरीनं?"

"चुकलं, बाई," काका म्हणाले.

"तांबडा पेन आणा."

आणि त्यांनी पिशवी खाली ठेवली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या, कागद मांडीवर घेतला. पेन आमच्याच घरातून आणला, पोरांच्या दप्तरातला. एकेक ओळ त्या पेनानं टोचत टोचत पुढं चालल्या. 'आज रविवार आहे' याला बरोबरची खूण. 'भाजी दोडक्याची आहे' यावर काट. वर लिहिलं, 'मेथी'. 'आपण सेवानिवृत्त आहात. कचेरीत जायचे नाही.' इथं थांबल्या.

"ही माहिती कुणी दिली?"

"ऐकीव होती, बाई," काका म्हणाले.

काकूंनी ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'कार्यालय सध्या घरीच आहे.' 'लेक पुण्याहून येणार आहे' ही ओळ वाचून त्यांनी वर पाहिलं. "ह्याच का त्या?" लेकीनं मान हलवली. काकूंनी ओळीपुढं लिहिलं, 'हजर'.

मग शेवटची ओळ. ताऱ्यांमधली. काकूंनी ती वाचली, चष्म्यावरून काकांकडे पाहिलं.

"हे गृहस्थ कोण?"

"मीच तो."

"किती दिवस झाले?"

"लई दिवस झाले, बाई."

"हंगामी का कायम?"

काकांनी जरा विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, मजकूर स्वच्छ ठेवणारा माणूस. म्हणाले, "रोज सकाळी नव्यानं हजर होतो. म्हणजे हंगामीच म्हणायचं."

"इतके दिवस हंगामी?" काकू खरोखर रागावल्या. "लई अन्याय आहे हा. फाइल कुणाच्या टेबलावर अडली होती?" आणि त्यांनी त्या ओळीखाली, अक्षर अक्षराला चिकटू न देता लिहिलं : 'काम समाधानकारक. सदर गृहस्थांना कायम करावे.' खाली सही. कागद लेकीच्या हातात दिला. "टंकलिखित करून आणा. आणि चहा ठेवा कुणीतरी, सकाळपासून काम चाललंय."

चपला काढून त्या वर गेल्या. जिन्यातलं दिव्याचं बटण उगाचच एकदा लावून बघितलं. पिशवी तिथंच पायरीवर राहिली. काकांनी ती उचलली आणि पोटाशी धरून उभे राहिले.

चहा आमच्या बायकोनं ठेवला. लेक काकांच्या संगणकासमोर बसली आणि पुण्याला जायच्या गोष्टी बोलायच्या ऐवजी दुसरा इस्त्रीवाला शोधू लागली. तिला सापडला. मराठी नीट छापणारा, तसाच फुकट. दुपारी मेथीची भाजी झाली. संध्याकाळी ती एकटीच परत निघाली. रिक्षात बसताना मला म्हणाली, "मी न्यायलाच आले होते, खरं सांगते. पण ऑर्डर निघाली. आता मी अपील कुणाकडं करू?" काका आता सकाळच्या कामाला शेजारच्या गल्लीतल्या एका मावशींना मदतीला ठेवणार होते, तेवढी अट मात्र तिनं घातली. तोंडी नाही, लेखी.

त्यानंतर काकांकडून रोज दोन कागद निघायला लागले. आधी जाळ्या-ताऱ्यांचा कच्चा मसुदा काकूंच्या पुढ्यात, मग तांबड्या पेनानं दुरुस्त झालेलं इस्त्रीचं पान. कागद यायची वाट बघायचं काम आता काकूंचं राहिलं नाही, कागद त्यांची वाट बघत थांबायचा. कधी भाजी बदलायच्या, कधी वार. एकदा त्यांनी पाण्याची ओळच खोडली, 'शक्यता कमी' असं लिहून, आणि त्या दिवशी नळाला खरंच पाणी आलं नाही. पुढं पुढं पेन कमी चालू लागला, एखाद्या दिवशी नुसती एक खूणच उमटायची. गेटची कडी मात्र पुन्हा वाजली नाही.

आम्ही स्वतःचं घर घेतलं आणि किल्ली द्यायला वर गेलो तेव्हा काकू खिडकीपाशी खुर्चीत झोपल्या होत्या. बुद्धमूर्तीच्या कोनाड्याशेजारी भिंतीवर काचेत एक कागद लावलेला होता. मी जवळ जाऊन पाहिलं. तोच रविवारचा कच्चा मसुदा, जाळ्या तशाच, तारे तसेच, तांबडी खाडाखोड तशीच. आणि त्याच्या चारी बाजूंनी वेल. झेंडूच्या रंगाची फुलं, पानापानाला सावली, कोपऱ्यात वळताना कुठंही न तुटलेली. खाली टेबलावर माळ्यावरचा रंगांचा डबा उघडा पडला होता, अजून पुसायचा राहिलेला.

मी इतकी वर्षं ज्या माणसाला गुलाब पाठवून पाठवून थकलो, तो माणूस.

"काका," मी हळूच म्हणालो, "परत स्वतःच्याच कागदाला स्वतःच वेल?"

काकांनी झोपलेल्या काकूंकडे पाहिलं आणि त्या जागू नयेत म्हणून आवाज खाली आणला.

"मागच्या वेळची शिपायानं सांगितली म्हणून काढली होती," ते म्हणाले. "ही मी काढली."